बाप्तिस्मा 'केला' की 'घेतला'? ख्रिस्ती संस्कारांची क्रियापदे

प्रश्न : एका अनुवादात 'आईवडिलांनी बाळाचा बाप्तिस्मा केला' असे वाक्य आहे. ते खटकते, पण 'बाळाने बाप्तिस्मा घेतला' हेही पटत नाही. तान्हे मूल काय घेणार? सरळ 'बारसे केले' म्हटले तर चालेल का? दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार), लग्न, दफन यांना कोणती क्रियापदे जोडावीत?

उत्तर : 'बारसे' नको. बारशात नाव ठेवणे हेच मुख्य काम. बाप्तिस्म्यात नाव उच्चारले जाते, पण विधी उभा असतो तो पाण्यावर आणि 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' या शब्दांवर (मत्तय २८:१९). ज्याचे नाव ठेवून चाळीस वर्षे झाली, त्याचाही बाप्तिस्मा होतो.

आता क्रियापद. सर्वात निर्धोक रूप 'बाळाचा बाप्तिस्मा झाला'. कर्ता सांगायचाच असेल तर 'फादरांनी / पाळकांनी बाळाला बाप्तिस्मा दिला'. आईवडील बाळाला घेऊन येतात, त्याच्या वतीने वचन देतात. पाणी घालणारा दुसरा असतो. जाणत्या माणसाने आपणहून स्वीकारला तर 'घेतला' अगदी योग्य. बाप्टिस्ट मंडळ्यांत विश्वासाची कबुली दिल्यावरच बाप्तिस्मा होतो, म्हणून तिथे 'घेणे' सहज येते.

'देणारा' कधीच वगळता येत नाही, ही मला या शब्दातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. कॅथलिक नियमानुसार जीवघेण्या प्रसंगी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, अगदी स्वतः बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू मात्र हवा. पण स्वतःचा स्वतःला देता येत नाही. १६०९ च्या सुमारास अॅमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकांनी तसे केले, तेव्हा त्यांच्यावर त्यासाठी कडाडून टीका झाली.

पुरवणी प्रश्न : मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'बुडवणे' ना? मग मराठी बायबलात ग्रीक शब्दच का ठेवला?

उत्तर : अर्थ बरोबर आहे, पण 'बुडवणे' असे भाषांतर केले की डोक्यावर पाणी ओतणाऱ्या चर्चची पंचाईत होते. हा वाद खरोखर झाला आहे. बंगाली बायबलात बाप्टिस्ट अनुवादकांनी 'बुडवणे' या अर्थाचा शब्द वापरला, आणि १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीने अशा भाषांतरांना मदत नाकारली. मूळ शब्द तसाच ठेवला की दोन्ही पक्षांना तो वाचता येतो. ओतण्याची पद्धतही जुनीच आहे: 'दिदाखे' या प्रारंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात, वाहते किंवा पुरेसे पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे असे सांगितले आहे. कॅथलिक लेखनात 'स्नानसंस्कार' आढळतो. तोही चांगला शब्द आहे, पण बायबलमधल्या उताऱ्याशी जुळवायचे असेल तर 'बाप्तिस्मा'च ठेवावा.

'पुन्हा बाप्तिस्मा घेतला' हे वाक्यही जपून लिहावे. कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटवतात, म्हणून ते एकदाच होतात. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला. विरोधक त्यांना 'पुन्हा बाप्तिस्मा देणारे' म्हणू लागले. त्यांना स्वतःला ते मान्य नव्हते. बालपणीचा त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नव्हता.

दृढीकरणात नाम एक आणि क्रियापदे दोन आहेत. कॅथलिक उमेदवाराच्या कपाळावर बिशप पवित्र तेल लावतात. तिथे दृढीकरण 'दिले' आणि 'स्वीकारले' जाते. लूथरन परंपरेत तरुण मुलगा किंवा मुलगी आपल्या वतीने दिलेली वचने आता स्वतःच्या तोंडाने पक्की करते. तिथे 'विश्वासाची जाहीर कबुली दिली' हे जास्त नेमके. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्यानंतर लगेच तेल लावतात, म्हणून त्याला 'ख्रिस्ती मुंज' म्हणणे साफ चुकते.

पुरवणी प्रश्न : 'फादरांनी लग्न लावले' हे तरी बरोबर ना?

उत्तर : बोलताना बिनदिक्कत म्हणा. धर्मशास्त्रावर लिहिताना मात्र थांबून विचार करा. पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेत वधूवर हा संस्कार एकमेकांना देतात. दोघांची संमती हाच त्याचा गाभा. धर्मगुरू चर्चच्या वतीने ती संमती विचारतात आणि स्वीकारतात. धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर विवाह झालाच पाहिजे, हा सर्वसाधारण नियम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये केला. ऑर्थोडॉक्स परंपरेत मात्र धर्मगुरूच्या आशीर्वादाने विवाह पूर्ण होतो, तिथे 'लावले' चपखल बसते.

गुरुदीक्षेचे सोपे आहे: बिशप 'देतात', उमेदवार 'घेतो'.

आजारपणातल्या तेलाला 'शेवटचा अभ्यंग' म्हणण्याची जुनी सवय सोडावी, असे मला कळकळीने वाटते. त्या नावाच्या धास्तीने घरचे लोक धर्मगुरूंना बोलवायला उशीर करतात. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 'आजाऱ्यांचा अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवले आणि १९७२ मध्ये विधीही सुधारला. याकोबाच्या पत्रातही (५:१४) आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवा असे आहे, मरणाऱ्यासाठी नव्हे. हा संस्कार पुन्हापुन्हा घेता येतो. मरणापूर्वी खरोखर शेवटचे दिले जाते ते कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'प्रवासाची शिदोरी'.

पुरवणी प्रश्न : आणि 'मूठमाती दिली'?

उत्तर : एरवी 'जुन्या रूढीला मूठमाती दिली' असे आपण लिहितो, त्यामुळे माणसाबद्दल वाचताना कानाला टोचते. पण विधीत ती खरीच मूठभर माती असते: 'मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ' या अर्थाचे शब्द म्हणत शवपेटीवर टाकलेली. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातल्या या शब्दांमागे उत्पत्ती ३:१९ आहे. तेव्हा प्रत्यक्ष कृतीचे वर्णन असेल तर 'शवपेटीवर मूठमूठ माती टाकली' लिहा. बातमीत 'दफन झाले' पुरे. 'पुरले' माणसासाठी वापरू नये. आणि दफन झाले हे गृहीतही धरू नका: कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, म्हणून नक्की माहीत नसेल तर 'अंत्यविधी' हाच शब्द घ्या.