वेताळ टेकडीचं एकच दृश्य जलरंग, ॲक्रिलिक आणि पेस्टलमध्ये: कुठे काय बदलायचं?

टेकडीकर:
पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीचं एकच दृश्य तीन माध्यमांत करायला घेतलंय. मागे आकाश, मध्ये कातळाची उभी कड, पुढे वाळलेलं गवत. प्रत्येक माध्यमात वेगळी अडचण येते. जलरंगात आकाशावर फ्लॉवरच्या कडेसारखे डाग उमटतात (कागद २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा आहे). ॲक्रिलिकमध्ये कातळाची शेड सुकल्यावर गडद होते आणि पॅलेटवरचा रंगही लगेच वाळतो. सॉफ्ट पेस्टल तिसऱ्या थरानंतर कागदावर बसतच नाही. क्रम चुकतोय की साहित्य?

कुंचला:
दोन्ही, पण आधी कागद. २०० जीएसएमचा कागद ओला झाला की फुगतो, खळग्यात पाणी साचतं आणि ते शेजारच्या अर्धवट सुकलेल्या रंगात शिरून रंगाचे कण कडेला ढकलतं. तोच तुमचा डाग. ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा) घ्या. महाग पडतो, म्हणून २२ × ३० इंचाचा अख्खा शीट आणून ११ × १५ चे चार तुकडे करा. चारही कडा मास्किंग टेपने बोर्डाला चिकटवा आणि बोर्ड किंचित तिरका ठेवा.

आकाशाचा रंग आधीच वाटीत कालवून ठेवायचा, दोन मोठे चमचे तरी. अर्ध्यात संपला आणि पुन्हा कालवत बसलात की कड सुकलीच म्हणून समजा. कागदावर ओली चमक आहे तोवर रंग सोडा. चमक गेली, पण कागद हाताला गार लागतोय, तेव्हा ब्रश लावायचा नाही. एप्रिल-मेमध्ये टेकडीवर ही वेळ बघता बघता येते. पावसाळ्यात उलट, वॉश (पातळ रंगाचा थर) सुकता सुकत नाही.

कातळाला ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. उन्हाकडे सिएना जास्त, सावलीत अल्ट्रामरीन जास्त. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, बेसॉल्ट खडकाचा खरखरीतपणा फुकटात मिळतो. गवताची उजळ पाती मात्र आधीपासून कोरी राखायची, नंतर ती परत मिळत नाहीत.

मुठाकाठी:
ॲक्रिलिकमध्ये नेमका हाच क्रम उलटा. आधी कातळाची सावली, मग मधली शेड, गवताची उजळ पाती सगळ्यात शेवटी. गवताला यलो ऑकरमध्ये पांढरा मिसळायचा, नुसता पांढरा खडूसारखा दिसतो.

शेड गडद होते, कारण रंगातलं बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट घटक) ओलं असताना दुधाळ असतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं. म्हणून हवी त्यापेक्षा किंचित उजळ शेड मिसळा, कागदाच्या तुकड्यावर एक फटकारा मारून हेअर ड्रायरने सुकवा आणि मगच चित्रावर लावा. एवढं केलंत तरी निम्मी डोकेदुखी जाते.

पॅलेटसाठी झाकणाचा पसरट डबा घ्या. तळाला पिळून घेतलेला ओला किचन टिश्यू चार पदरी, वर बटर पेपर, त्यावर रंग. टिश्यूवर पाणी तरंगत असेल तर रंग पातळ होऊन वाहतो. रंग पातळच करायचा असेल तर पाणी बेतानं आणि जोडीला ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग नसलेलं बाइंडर. नुसत्या पाण्याने बाइंडर विरळ होतं आणि थराची पकड जाते.

खडूपेटी:
पेस्टलचा दोष कागदाकडेच. साध्या ड्रॉइंग पेपरचे खळगे दोन-तीन थरांत भरतात, पुढचा खडू नुसता घसरतो. बोटाने घासत असाल तर आणखी लवकर भरतात, आणि ही सवय जवळजवळ सगळ्यांना असते. सँडेड पेपर (पॉलिश पेपरसारखा खरखरीत) घ्या, शक्यतो राखाडी किंवा तपकिरी. आधी कडक खडूने गडद भाग, हलक्या हाताने. मऊ खडू शेवटी.

फिक्सेटिव्हने (खडू कागदावर धरून ठेवणारा फवारा) थोडी पकड परत येते, पण उजळ रंग मंदावतात. तेव्हा मधल्या थरांवर फूटभर अंतरावरून हलका फवारा, शेवटच्या उजळ खडूवर अजिबात नाही. भुकटी फुंकू नका, ती नाकातोंडात जाते. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारा. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, काच चित्राला टेकता कामा नये.

टेकडीकर:
जलरंगात पाती राखायला मास्किंग फ्लुइड (कागद झाकणारं रबरी द्रव) चालेल?

कुंचला:
चालेल. जुन्या ब्रशला आधी साबण चोळून घ्या, नाहीतर केस चिकटून ब्रश जातो. रंग पूर्ण सुकल्यावर त्याच दिवशी बोटाने चोळून काढा. उन्हात तापलं किंवा आठवडाभर राहिलं तर काढताना कागदाची साल निघते. हेअर ड्रायरही त्यावर मारू नका.

मुठाकाठी:
दहा-बारा पात्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? शेवटी पांढरं गुवाश (अपारदर्शक जलरंग) घट्टसर कालवून त्यात चिमूटभर ऑकर घाला आणि लांब, बारीक केसांच्या लाइनर ब्रशने ओढा. फ्लुइडची पाती कडक, एकाच जाडीची दिसतात. खाणीच्या काठावरचं गवत तसं नसतं.