प्रतिसाद: कमी किलोमीटरवर भुलू नका
वर कुणीतरी म्हटलंय की मीटरवर रनिंग जितकं कमी तितकी गाडी चांगली. बाकी गाड्यांचं माहीत नाही, पण जुन्या फेरारीला हा नियम लावू नका. ३५५ किंवा ३६० मोडेनाचा टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा) रबरी असतो, गाडी नुसती झाकून ठेवली तरी तो वयाने कडक होतो, म्हणून रनिंग कमी असलं तरी तो ठराविक वर्षांनी बदलतात, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जातं. ३५५ ला बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, ३६० ला सीटमागचं पॅनल काढून काम होतं, नंतरच्या एफ४३० ला तर बेल्टऐवजी चेनच आहे, म्हणजे हा खर्चच नाही.

मी एक गाडी बघायला गेलो होतो, पेंट आरशासारखा, रनिंग अगदी कमी, खाली वाकून टायरवरचा चार आकडी कोड वाचला तर ३२११, म्हणजे टायर २०११ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला! डॅशबोर्डची बटणंही वयाने बोटाला गुळासारखी चिकटत होती. बेल्टचं बिल मागितलं तर मालक विषयच बदलायला लागला, मग मी सरळ निघून आलो. बिलांची फाईल आधी बघा, टेस्ट ड्राइव्ह नंतर.