खोलीसाठी ऑइल हीटर की हीट पंप?

प्रश्न: १२ बाय १२ फुटांची खोली रोज रात्री आठ तास उबदार ठेवायची आहे. ऑइल हीटर, फॅन हीटर की गरम-थंड एसी? बिल कशात कमी येईल?

उत्तर १: ऑइलवाला कमी वीज खातो हा गैरसमज. कॉइलचा कुठलाही हीटर १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो. तेल फक्त ऊब धरून ठेवतं. गरम-थंड एसी म्हणजे हीट पंप. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे १ युनिटमागे साधारण ३ युनिट मिळतात. रोजचे आठ तास असतील तर तोच घ्या. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला काही मिनिटं ऊब थांबते. तो बिघाड नव्हे, उगाच मेकॅनिक बोलावू नका.

उत्तर २: आधी दाराखालची फट बुजवा, खिडक्यांना रबरपट्टी लावा. आणि हीटरच घेणार असाल तर २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर लावलात तर पिन वितळते. १६ अँपिअरचं सॉकेटच हवं.

प्रश्नकर्ता: आणि गॅस हीटर?

उत्तर २: धुराडं नसलेला झोपायच्या खोलीत अजिबात नको. गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे तो कळतही नाही.