'थिंग' म्हणजे आधी सभा, मग वस्तू?

अनुस्वार: इंग्रजीत 'थिंग' कुठल्याही फुटकळ वस्तूला म्हणतात, पण मुळात हा सभेचा शब्द आहे, असं माझं ठाम मत आहे. आइसलँडमध्ये 930 च्या सुमारास उघड्या माळावर 'आल्थिंगी' ही सभा भरू लागली. कायदा लिहिलेला नव्हता. कायदा सांगणारा माणूस दरवर्षी त्यातला एक तृतीयांश भाग सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणायचा. आजही तिथल्या संसदेचं नाव आल्थिंगी, नॉर्वेच्या संसदेचं स्टूर्टिंग, डेन्मार्कच्या फोल्केटिंग. इंग्रजीतलं निवडणुकीच्या प्रचाराचं 'हस्टिंग्ज'सुद्धा याच घरातलं. सभेपुढे वाद येतो, वादाचा विषय तो 'थिंग', मग कुठलीही बाब, आणि शेवटी टेबलखुर्चीसुद्धा. जर्मन 'डिंग'चा प्रवासही हाच.

कोरडवाहू: 'मुळात' म्हणायचं तर सभेपाशी का थांबता? गॉथिक या जुन्या, आता लोपलेल्या जर्मानिक भाषेत याच कुळातला 'थीह्स' आहे, आणि त्याचा अर्थ काळ, वेळ. म्हणजे आधी ठरलेली वेळ, नंतर त्या वेळी जमणारे लोक. शिवाय डेनिशमध्ये 'एन टिंग' म्हणजे वस्तू आणि 'एट टिंग' म्हणजे सभा. लिंगसुद्धा वेगळं. बोलणाऱ्याच्या लेखी हे आता दोन शब्द आहेत.

अनुस्वार: गॉथिकचं नातं मान्य. पण 'वेळ' हा अर्थ सांगणारी ती एकटीच. इंग्लंडमधल्या केंटच्या राजांच्या सातव्या शतकातल्या कायद्यांत 'थिंग' म्हणजे न्यायसभाच. स्वीडनमधलं पहिल्या पायरीचं न्यायालय आजही 'टिंग्सरेट', आणि डचमध्ये खटल्याला 'खेडिंग' म्हणतात. इतक्या भाषांत जो अर्थ टिकला, त्याला मधला थांबा कसं म्हणायचं?

निळी_शाई: वादातून वस्तूकडे जाणारी ही वाट इतरांनीही धरली आहे. लॅटिन 'काउसा' म्हणजे दावा, खटला. त्यातून इटालियन 'कोझा' आणि फ्रेंच 'शोझ' आले, दोन्हींचा अर्थ वस्तू. जर्मन 'झाखं' हाही आधी तंटा, मग बाब. आणि आपली 'गोष्ट'! संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे मंडळी जमणं, त्यांचं बोलणं. त्यातून कथा, आणि 'ही गोष्ट बरी नाही' मधली बाबसुद्धा. मला हा पुरावा अनुस्वार यांच्या बाजूचा वाटतो.

कोरडवाहू: मला तो माझ्या बाजूचा वाटतो. 'गोष्ठी'च्या मागे 'गोष्ठ' आहे, म्हणजे गायींचा गोठा. म्हणून आजीच्या गोष्टीचा खरा अर्थ गोठा, असं कुणी म्हणेल का? जुना अर्थ म्हणजे खरा अर्थ, ही समजूत लोकांच्या मनात फार घट्ट बसली आहे आणि मला ती घातक वाटते. शब्दाचा अर्थ आज बोलणारे ठरवतात.

अनुस्वार: 'खरा' हा शब्द तुमचा, मी 'आधीचा' म्हणतोय. आणि तो आधीचा अर्थ आजच्या बोलण्यातही शिल्लक आहे. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स किल्ल्यात तिसऱ्या शतकातले शिलालेख सापडले. रोमन सैन्यातल्या जर्मानिक शिपायांनी ते 'मार्स थिंग्सुस' या देवाला वाहिलेत. मार्स म्हणजे रोमनांचा युद्धदेव, मंगळवार त्याचाच वार. 'थिंग्सुस'चा अर्थ सभेचा देव असा लावतात. इंग्रजांनी मंगळवारात, म्हणजे 'ट्यूजडे'त, त्या देवाचं 'तिव' हे जर्मानिक नाव ठेवलं. मंगळवारालाच म्हणतात त्या जर्मन 'डीन्स्टाग' आणि डच 'डिन्सडाग' यांचा संबंध मात्र बहुतेक अभ्यासक या सभेशी जोडतात.