बारच्या दारात फुंकणी ठेवली तर?

धरमपेठकर: रविवारी रात्री नागपुरात शंकरनगर चौकात नाकाबंदी होती. माझ्या पुढचा स्कूटरवाला पोलिसांच्या फुंकणीत, म्हणजे श्वासातली दारू मोजायच्या मशीनमध्ये, फुंकून आकडा बघतो अन् म्हणतो, "दोनच तर घेतल्या, साहेब!" खोटं बोलत नसावा तो. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. हे पेगात कोण मोजतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बारच्या पार्किंगमध्येच मशीन ठेवा. ज्याला वाटेल त्याने फुंकावं, ना पोलीस ना पावती.

काहूनबाप्पा: पोट्टे पैजा लावतील ना बे, कोणाचा आकडा मोठा! अन् शेवटचा पेग रिचवल्या-रिचवल्या फुंकलं तर तोंडातल्या दारूनंच आकडा फुगते, पंधरा मिनिटं थांबा लागते. तेवढं थांबून २५ आला तरी पोटातली चढूनच राहिली असते. वर्धा रोडला लागेस्तोवर ४०. मशीननं 'जा' म्हटलं म्हणून हा बिनधास्त.

धरमपेठकर: मग आकडा दाखवूच नका. मर्यादेच्या जवळ गेलं की नुसता लाल दिवा.

काहूनबाप्पा: लाल नाही लागला म्हणजे हिरवाच झाला ना राजा.

बुटीबोरी_अपडाऊन: वर्ध्यात दारूबंदी, म्हणून तिकडची मंडळी इकडे बसतात आणि रात्री ७५ किलोमीटर परत. लाल दिवा बघून ते काय इथे मुक्काम करणार? फ्रान्सने २०१२ मध्ये प्रत्येक गाडीत फुंकणी ठेवणं सक्तीचं केलं, नसली तर दंड मात्र नाही. २०२० मध्ये नियमच काढून टाकला. फुकटचा सल्ला कोणी ऐकत नाही.

कळमना_ट्रान्सपोर्ट: तुम्ही सगळे रात्रीचंच धरून बसलात. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. मध्यरात्री १२० असेल तर सकाळी सहाला ३० उरतातच, आणि माणूस चहा पिऊन ताजातवाना! आमच्या गोदामात मशीन ठेवलं, सक्ती नाही. पहिल्याच आठवड्यात एक ड्रायव्हर स्वतःहून फुंकून खाटेवर परत जाऊन झोपला. मी शहाण्याने त्याची हजेरी कापली. दुसऱ्या दिवसापासून मशीनला कोणी हात लावेना. आता कापत नाही, पुन्हा फुंकतात.

काहूनबाप्पा: म्हणजे पिऊन आला तरी पगारी सुट्टी? तुमच्याकडे जागा हाये का भाऊ?

कळमना_ट्रान्सपोर्ट: हाये. सकाळी सहाला या, फुंकून दाखवा.