मदत हवी आहे: लेटेक्स गादी – नैसर्गिक, सिंथेटिक की मिश्र? कशी पारखावी?

रातराणी:
७८ × ६० इंच मापाची, ६ इंच जाडीची लेटेक्स गादी घ्यायची आहे. मुक्काम रत्नागिरी, तेव्हा पावसाळ्यातला दमटपणा धरूनच सांगा. पलंग प्लायवूडचा, खाली सामानाचा बंद खण. दुकानदार एका गादीला '१०० टक्के नॅचरल' म्हणतात, दुसरीला 'ब्लेंडेड', तिसरीवर नुसतेच 'लेटेक्स' छापले आहे. हाताला तिन्ही सारख्याच लागतात, किमतीत मात्र दुपटीहून जास्त अंतर. बनवण्यात नेमका फरक काय आणि पैसे देण्याआधी काय तपासता येईल? घरात एकांना रबरी हातमोज्यांनी खाज सुटते, त्याचा इथे संबंध येतो का?

चीकवाला:
रातराणीताई, आधी कच्चा माल. नैसर्गिक लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्याकडे तो मुख्यतः केरळातून येतो. तुमच्या शेजारी सिंधुदुर्गात दोडामार्गकडेही रबराच्या बागा आहेत. ताज्या चिकात कोरडे रबर ३० ते ३५ टक्के, बाकी बहुतेक पाणी. तो नासू नये म्हणून अमोनिया घालतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रबर ६० टक्क्यांपर्यंत आणतात. सिंथेटिक म्हणजे बहुधा एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाईन रबर). स्टायरीन आणि ब्युटाडाईन ही पेट्रोरसायने साबणाच्या पाण्यात एकमेकांना जोडून ते बनते. दिसायला तेही पांढरे दूधच.

पुढची कृती दोघांची जवळपास एकच. डनलप पद्धतीत १०० भाग कोरड्या रबराला गंधक २ ते २.५ भाग, झिंक ऑक्साइड ३ ते ५ भाग, शिवाय थोडे अॅक्सिलरेटर (गंधकाची क्रिया वेगाने घडवणारे रसायन) आणि अँटिऑक्सिडंट. साबण घालून फेस काढतात आणि अगदी शेवटी सोडियम सिलिकोफ्लुओराइड मिसळतात. त्याने मिश्रण आम्लतेकडे झुकते आणि फेस काही मिनिटांत दह्यासारखा थिजतो. सगळे कसब इथे आहे. थिजायला उशीर झाला तर बुडबुडे फुटून फेस खाली बसतो. घाई झाली तर साचा नीट भरत नाही, आत भेगा राहतात. मग सुमारे १०० अंशांच्या वाफेवर अर्धा तास, त्यानंतर धुणे, पिळणे, गरम हवेत वाळवणे. धुण्यात कसूर झाली की साबण आत राहतो, ओल धरतो. वाफ कमी पडली तर गादी चिकट राहते आणि लवकर बसते.

गादीला जी भोके दिसतात ती 'हवा खेळावी म्हणून' असे सांगतात. मुळात ती साच्यातल्या धातूच्या खुंट्यांची. फेस उष्णता अडवतो, म्हणून मधल्या भागापर्यंत ती पोचवायला खुंट्या लागतात.

टालाले पद्धतीत साचा अर्धवट भरून बंद करतात, हवा खेचून फेस फुगवतात, उणे ३० अंशांच्या आसपास गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडून थिजवतात आणि मग तापवतात. ही गादी वरपासून खालपर्यंत एकसारखी होते. डनलपची खालची बाजू किंचित घट्ट असते. पण डनलप काय, टालाले काय, ही पद्धतीची नावे. रबर झाडाचे की कारखान्याचे हे त्यावरून कळत नाही. टालालेमध्ये तर मिश्र रबर सर्रास वापरतात.

वजनकाटा:
वरच्यात एक भर. किमतीतला फरक नुसत्या रबराचा नसतो, फिलरचाही असतो. खडूची भुकटी किंवा चिनी माती मिसळली की वजन भरते, खर्च उतरतो, आणि काही वर्षांनी गादीतून पावडर गळायला लागते. माझ्या मते फिलर घातलेल्या 'नॅचरल'पेक्षा बिनफिलरची मिश्र गादी केव्हाही बरी.

तुमच्या मापाचे घनफळ होते ०.४६ घनमीटर. लेटेक्सची घनता ७५ ते ८० किलो प्रति घनमीटर धरली तर गाभाच ३४ ते ३७ किलो हवा. १५-१८ किलो भरला तर आत बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन) फोम आहे आणि वर लेटेक्सचा पातळ थर. वजन जुळले तरी खोळीची चेन उघडून कड बघाच, कारण रीबॉन्डेड फोमही जड असतो. त्यात रंगीबेरंगी तुकडे दाबलेले दिसतात. चेनच नसेल तर आत काय आहे याचे थरवार वर्णन, प्रत्येकाच्या जाडीसकट, बिलावर लिहून मागा.

नैसर्गिक आणि एसबीआर घरी ओळखण्याची खात्रीची युक्ती नाही. जाळून बघायला सांगतात, ते करू नका. काळा धूर दोन्हींचा निघतो. प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणीने रबराचा प्रकार कळतो आणि राखेवरून फिलर. शुद्ध लेटेक्सची राख काही टक्केच, तीही मुख्यतः झिंक ऑक्साइडची. उत्पादकाकडे हे दोन्ही अहवाल मागता येतात. प्रमाणपत्रांत जीओएलएस (सेंद्रिय लेटेक्सचे जागतिक मानक) असेल तर लेटेक्सपैकी किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय असावे लागते. ओइको-टेक्स मात्र फक्त घातक द्रव्ये तपासते. सिंथेटिक गादीलाही ते मिळते.

खाजेबद्दल: चिकातल्या प्रथिनांची अॅलर्जी असेल तर ती प्रथिने एसबीआरमध्ये नसतात. पण हातमोज्यांची खाज अनेकदा अॅक्सिलरेटरमुळे असते आणि तो दोन्हींत असतो. गादी घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

रातराणी:
दोघांचेही मनापासून आभार. गादीला अधूनमधून ऊन दाखवले तर चालेल ना? आणि बंद खणाचे काय करू?

चीकवाला:
ऊन अजिबात नको. कापसाच्या गादीला जे औषध, ते लेटेक्सला विष. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रबराच्या साखळ्या तोडतात: नैसर्गिक आधी मऊ, चिकट होते आणि मग भुगा सुटतो; एसबीआर कडक होऊन तडकते. सावलीत, पंख्याखाली हवा द्या. ढेकणांसाठी रॉकेल शिंपडू नका, रबर फुगते. अंगाला तेल लावून झोपायची सवय असेल तर खोळीवर जाड सुती चादर हवीच.

खणाच्या प्लायवूडला दर ६ इंचांवर १ इंचाची भोके पाडून घ्या. पट्ट्यांचा पलंग करणार असाल तर फटी २ ते ३ इंचांहून मोठ्या नकोत, नाहीतर गादी फटींत उतरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोपरा उचलून खालून हात फिरवा. ओलसर लागले तर तो भाग वर उचलून रात्रभर पंखा लावा.

वजनकाटा:
उचलताना कडेला धरून ओढू नका, विशेषतः मिश्र गादी. एसबीआर नैसर्गिक रबरापेक्षा लवकर फाटते. चादरीत गुंडाळा आणि दोघांनी खालून हात घालून उचला.