'दुसऱ्या वाचनाची' नावाच्या काहीच फायली सापडतात, बाकीच्या कशा पुसू?

नारायणपेठ_डीटीपी
दिवाळी अंकांची कामं वर्षानुवर्षं साठलीयेत: वर्षाचं फोल्डर, त्यात अंकाचं, त्यात लेखागणिक वेगळं. प्रुफं वाचून झाली तरी जुन्या पीडीएफ तिथेच पडून राहतात आणि डिस्क भरत आलीये. नावात 'दुसऱ्या वाचनाची' असलेल्या पीडीएफ पुसायच्यात. 'अंतिम' असलेल्यांना धक्का लागता कामा नये. विंडोजवर पायथनचं आरग्लॉब (आतल्या सगळ्या फोल्डरांत नावाने फायली शोधणारं फंक्शन) वापरलं. काही फोल्डरांतल्या फायली मिळतात, काहींतल्या समोर दिसत असूनही यादीत येत नाहीत. नाव अक्षर न् अक्षर तेच आहे. काय तपासू?

कोथरूडकर
न मिळणाऱ्या फायली मॅकवरून आल्यात का? तसं असेल तर घोळ 'ऱ'चा आहे. यूनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथनला ती वेगवेगळी नावं वाटतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नावातलं अक्षर असं र आणि नुक्ता तोडूनच साठवते, आणि झिपमधून ते तसंच पुढे येऊ शकतं.

उपाय: आरग्लॉबला फक्त सगळ्या पीडीएफ मागा. मग प्रत्येक नाव पायथनच्या यूनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने एनएफसी रूपात (म्हणजे एकसंध ऱच्या रूपात) आणा आणि तसंच एनएफसी केलेल्या शब्दाशी ताडून बघा. 'अंतिम'ची चाळणीही इथेच लावा. पुसताना मात्र मूळ पाथच (फाइलचा पूर्ण पत्ता) द्या. बदललेलं नाव दिलंत तर विंडोज म्हणेल, अशी फाइलच नाही.

नारायणपेठ_डीटीपी
अगदी बरोबर, मॅकवाल्याच आहेत! आता यादीत सगळ्या आल्या. लगेच अनलिंक करू का (पायथनची फाइल पुसायची आज्ञा)?

कोथरूडकर
नका करू. अनलिंक केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. आधी यादी टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा आणि प्रुफं बघणाऱ्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. लेखकाने हाताने केलेल्या दुरुस्त्यांचं स्कॅनही कुणी याच नावाने ठेवलेलं असतं, ते परत मिळत नाही. मग सेंड२ट्रॅश लायब्ररीने बिनमध्ये टाका. तिला पाथ द्यायचा, एवढंच.

लिनक्सवाला_पुणे
कुणी लिनक्सवर फाइंड ही फायली शोधायची आज्ञा वापरत असेल तर डिलीट हा पर्याय सगळ्यात शेवटी लिहा. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. डिलीट नावाच्या अटीआधी आला तर फोल्डरांचं अख्खं झाड साफ होतं.

रिकामी फोल्डरं काढायची तर पायथनच्या ओएस.वॉकला (फोल्डरांतून फिरणारं फंक्शन) टॉपडाउन फॉल्स देऊन आतून बाहेर या आणि फोल्डर काढणारं आरएमडीआयआर वापरा. ते भरलेल्या फोल्डरला हात लावत नाही. रिकामं दिसणारं फोल्डर हटत नसेल तर आत मॅक आपोआप बनवतो ती डीएस_स्टोअर फाइल लपलीये का बघा.